फोन कोणता ते नंतर ठरवा, आधी मेलचं खातं कोणाच्या हातात आहे ते बघा

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचं छोटं युनिट आहे, चौदा जणांना कंपनीचा मेल फोनवर हवाय. मालक म्हणतात वीस हजारांच्या आत एक चांगला फोन सुचवा, सगळ्यांना तोच घेऊ. की ज्याच्या त्याच्या फोनवरच मेल टाकून द्यावा?

मी नाशिकमध्येच अंबडला अशाच एका कारखान्यात ॲडमिन बघते. कॉम्प्युटर, सिमकार्डं, मेल, सगळं माझ्याकडेच असतं. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगते, मग फोनचं बोलू.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या डिस्पॅचच्या दादांचा फोन द्वारका चौकात रिक्षातून उतरताना गेला. फोन जुना, किमतीचं कुणाला काही वाटलं नाही. दोन दिवसांनी अकाउंट्सच्या ताईंनी एका गिऱ्हाइकाची पर्चेस ऑर्डर (पीओ) मागितली, तेव्हा घोटाळा कळला. त्या फोनवर मेल 'पॉप' पद्धतीने जोडलेला होता. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून फोनमध्ये उतरतो, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण केलेली नसेल तर सर्व्हरवरून पुसलाही जातो. अडीच वर्षांच्या ऑर्डरी आणि ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्त्या त्या एका फोनच्या पोटात होत्या. वर मेलचा पासवर्ड ज्याने खातं जोडून दिलं त्यालाच माहीत, आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला. तो माणूस सापडेपर्यंत तीन दिवस आमचे नवे मेल त्या हरवलेल्या फोनवर उतरत होते की नाही, हेही आम्हाला सांगता येत नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस मी आणि ताई एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून 'साहेब, तुमचीच पीओ परत पाठवता का' म्हणत होतो. एका पर्चेस मॅनेजरनी शांतपणे विचारलं, "मग आमची ड्रॉइंग आता कुणाकडे आहेत?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती शांतता मला अजून आठवते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की फोन विकत घ्यायच्या आधी तो हरवेल त्या दिवशी काय करायचं ते ठरवा. ते ठरलं की कोणता फोन घ्यायचा हे निम्मं आपोआप ठरतं.

पहिलं काम, मेल अशा सेवेवर न्या जिथे एकाच ॲडमिनच्या पडद्यावरून कोणाच्या कोणत्या फोनवर खातं चालू आहे ते दिसतं आणि तिथूनच काढता येतं. गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५, दोन्हीत ही सोय आहे. गूगलच्या साध्या प्लॅनमध्येसुद्धा हरवलेल्या फोनवरचं कंपनीचं खातं लांबून पुसता येतं. मायक्रोसॉफ्टकडे त्याहून कडक नियंत्रण हवं असेल तर 'इंट्यून' ही फोन लांबून सांभाळायची त्यांची सेवा लागते, ती बिझनेस प्रीमियम प्लॅनमध्ये येते. चौदा जणांना सरसकट महागडा प्लॅन घ्यायची गरज मला वाटत नाही. मेलचे पत्ते मात्र शक्यतो कामाच्या नावाने ठेवा, डिस्पॅच, क्वालिटी, स्टोअर असे. माणूस बदलला तरी पत्ता तोच राहतो.

आता स्वतःचा फोन की कंपनीचा. आमच्याकडे सरळ हिशोब आहे: ज्याच्या फोनवर ड्रॉइंग येतात किंवा बँकेचे व्यवहार होतात त्याला कंपनीचा फोन, बाकीच्यांना स्वतःच्या फोनवर मेल. पण स्वतःच्या फोनवर मेल टाकायला सांगितलं की लोक बिचकतात, आणि ते बरोबरच आहे. आमच्या एका ऑपरेटरने विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही माझे घरचे फोटो बघणार का?" फोनच्या मूळ मेल ॲपमध्ये एक्स्चेंजचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपनी-मेलचं, खातं जोडताना पडद्यावर परवानग्यांची यादी येते, आणि तिच्यात 'सर्व डेटा पुसणे' ही ओळ असते. लोक न वाचता होकार देतात. उद्या ॲडमिनने चुकीचं बटण दाबलं तर कंपनीच्या मेलसोबत पोराच्या बारशाचे फोटोही जातात. माणसाच्या स्वतःच्या फोनवर ही सत्ता कंपनीकडे असू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टचं आउटलुक हे मेल ॲप टाका. लांबून पुसलं तर त्या ॲपमधलाच कंपनीचा मजकूर जातो. अँड्रॉइडवर २०१४ पासून 'वर्क प्रोफाइल' नावाचा वेगळा कप्पाही मिळतो. त्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते, कंपनीला तेवढ्याच कप्प्यातलं हाताळता येतं, घरचं घरच्याकडे राहतं. गूगलच्या वरच्या प्लॅनमध्ये किंवा इंट्यूनमध्ये तो लावता येतो. लोकांना शेजारी बसवून ती ब्रीफकेस दाखवा. पत्रक काढण्यापेक्षा त्याने विश्वास बसतो.

फोन निवडताना कॅमेरा, रॅम हे सगळं नंतर. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी विचारा. २०२४ मध्ये आलेल्या गॅलॅक्सी ए१६ सारख्या स्वस्त फोनलाही कंपनीने सहा वर्षांचं वचन दिलंय, तर त्याच किमतीच्या काही फोनना दोन-तीन वर्षांत कुणी विचारत नाही. कुणी घरातला जुना फोन 'मेलपुरता चालेल' म्हणून आणून दिला तरी जपून. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या नाव-पासवर्डावर जोडणारी जुनी पद्धत बंद करायला घेतली, त्यामुळे बऱ्याच जुन्या मेल ॲपमध्ये खातं जोडलंच जात नाही.

दुसरी तक्रार सगळीकडे एकच असते, 'मेल उशिरा येतो'. बहुतेक वेळा दोष मेलचा नसतो. बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी ॲप झोपवून टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन मेलच्या ॲपला बॅटरीची बंधनं काढून द्या, काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' (ॲपला आपोआप सुरू होऊ देणं) हेही चालू करावं लागतं. आयफोनवर त्यातल्याच मेल ॲपमध्ये जीमेल जोडलं तर तो ठरावीक वेळानेच मेल आणतो, लगेच हवा असेल तर जीमेलचं ॲप टाका.

शॉपफ्लोअरचं वेगळं आहे. आमच्या क्वालिटीच्या माणसाची बोटं दिवसभर कूलंटमध्ये, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवात असतात, फोन उघडायला बोटाचा ठसा काही केल्या लागेना. वैतागून त्याने पिन १२३४ करून टाकला, आणि चार दिवसांत अख्ख्या शिफ्टला तो पाठ झाला. उपाय साधा निघाला. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचा ठसा घेतला, ते बोट कामात कमी येतं. जोडीला सहा आकडी पिन. आणि फोनवर आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, ती चाचणी साध्या पाण्याची असते, कटिंग ऑइलची नव्हे. जाड रबरी कव्हर घ्या.

फोन हरवला तर आमच्याकडे एकच क्रम आहे: आधी मला फोन, मग पोलीस स्टेशन. कोणाच्याही फोनवरून, रात्री कितीही वाजता. मी खातं काढते, पासवर्ड बदलते, मग तक्रार, मग नवं सिम, मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. सिम बदलून घेतलं की पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपी बंद. मेलची दुसरी पडताळणी फक्त एसएमएसवर ठेवली असेल तर तुम्ही दारातच अडकता. ओटीपीऐवजी टाकायला गूगल एका वेळी दहा बॅकअप कोड देतं, ते छापून कपाटात ठेवा.

अकाउंट्सवाल्यांना एक सवय लावाच. फोनच्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असा मेल आला की नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता वाचायचा आणि जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं. आमच्या ताईंनी असाच एक मेल पकडला, पत्त्यात एकच अक्षर जास्त होतं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन.

नोकरी सोडणाऱ्याचा फोन परत घेताना तो तुमच्यासमोर चालू करायला लावा आणि त्याचं स्वतःचं गूगल खातं सेटिंगमधून काढायला लावा. आमच्या एका इंजिनिअरने घाईत बटणं दाबून रीसेट करून फोन दिला आणि चाकणला रुजू झाला. डबा उघडला तर फोन त्याच्या जुन्या खात्याचा पासवर्ड मागतोय. तो पासवर्ड त्यालाही आठवेना. चार महिने तो फोन माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

एम. जी. रोडवर खरेदी कराल तर बिल कंपनीच्या नावावर आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या, म्हणजे १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. बिलावरचा आयएमईआय डब्यावरच्या आकड्याशी दुकानातच जुळवा आणि त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहा: कोणाला, कोणता फोन, कोणतं सिम, सही. हरवल्यावर तो आकडा शोधायला डबा कुठे मिळतो?

तुमचा मेल सध्या कोणत्या सेवेवर आहे आणि चौदापैकी किती जण मशीनवर उभे असतात ते कळवा. त्यावरून किती फोन खरंच विकत घ्यावे लागतील याचा हिशोब मी मांडून देते.