ऐरोलीत रात्रपाळी करतो, ठाण्याहून जा-ये. झोप कमी झाली की ओठावर फोड येतात. ताणामुळे असेल का?

हो, थकवा आणि ताण यांनी हे फोड उठतात, पण ते मूळ कारण नाही. मूळ कारण हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू. तो बहुधा लहानपणीच शरीरात येतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत आयुष्यभर पडून राहतो. जागरण आणि काळजीने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, प्रतिकारशक्तीचा पहारा सैल होतो आणि विषाणू त्याच मज्जातंतूने पुन्हा ओठापर्यंत येतो. म्हणून फोड दरवेळी साधारण त्याच जागी दिसतात. ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ हे खरं नाही.

मी कोपरखैरण्यात फार्मासिस्ट आहे. लोक फोड फुटल्यावर येतात, तोवर उशीर झालेला असतो. अॅसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचा उपयोग ओठ चुरचुरायला लागतो तेव्हाच, पहिल्या दिवशी. गोळ्या वारंवार लागत असतील तर डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा. आणि घरात पडलेलं खाज-गजकर्णाचं मलम कृपा करून लावू नका. त्यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं, त्याने संसर्ग पसरतो.

मात्र दरवेळी दोष झोपेलाच देऊ नका. ताप, कडक ऊन, मासिक पाळी यांनीही फोड येतात. खपली गळून पडेपर्यंत बाळाचा मुका घेऊ नका, नवजात असेल तर मुळीच नाही. डोळा लाल होऊन दुखला किंवा १० दिवसांत फोड सुकले नाहीत, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.