न दिसणारा पाऊस

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत जुन्या कॅलेंडराचं पान सापडलं. परदेशी रस्ता, छत्र्या घेतलेली माणसं, मधोमध दिव्याचा खांब. पाऊस मात्र कुठंच दिसत नाही! चित्र कुठलं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. हे फ्रेंच चित्रकार गुस्ताव कायबोत यांचं १८७७ सालचं चित्र. चौक पॅरिसचा, सँ-लाझार स्टेशनाजवळचा. आज जुन्या वाटणाऱ्या त्या इमारती तेव्हा नव्याच होत्या. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढले होते. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, सुमारे सात फूट उंच आणि नऊ फूट रुंद. म्हणजे पुढची माणसं जवळजवळ आपल्याएवढी!

आता पाऊस. मी बेळगावात तीस वर्षं चित्रकला शिकवली. पाऊस काढा म्हटलं की पोरं तिरक्या रेघा ओढून मोकळी. कायबोतनं एक रेघ ओढलेली नाही. फरसबंदीचे दगड बघा : प्रत्येकाच्या पाठीवर फिकट उजेड, फटींत काळपट ओल. खांबाखालीही त्याची पुसट सावली ओघळलीय. जुलैत खडेबाजारात दुकानांचे दिवे लागल्यावर खाली बघा, तेच दिसेल.

उजव्या कडेचा पाठमोरा माणूस चौकटीनं अर्धा कापलाय. त्याची छत्री समोरच्या जोडप्याच्या छत्रीला आता लागणारच, आणि ते दोघं बघतायत भलतीकडंच. आपल्या बोळातून जाताना छत्री कलती करायची वेळ येते ना, अगदी तो क्षण.

पान मात्र लॅमिनेट करू नका. आम्लविरहित कागदात, सपाट ठेवा.