वाचक विचारतात : गिरणगावात आता बघायचं काय?

प्रश्न : माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. संपानंतर गावी आले ते कायमचे. फेब्रुवारीत मुलांना त्यांची मुंबई दाखवायची आहे. तिथे मॉलशिवाय काही उरलंय का? मुलांना मोकळ्यावर हिंडायला आवडतं.
— एक वाचक, पाटण

उत्तर : रविवारी या. का, ते मुलांना आधी सांगा. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी भांडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. त्याआधी आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच.

सकाळी लालबाग-परळच्या चाळींतून चाला. फिनिक्स गिरणीच्या, म्हणजे आताच्या मॉलच्या, आवारात जुनं धुराडं अजून उभं आहे, ते बघा. आत खरेदीला शिरलात तर दिवस गेला म्हणून समजा. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. तिसरी पाळी करून आले की केसांत कापूस, आणि त्यांनी अंथरुणावर अंग टाकायच्या आत तिथून दुसरा कोणी उठलेला असायचा. एका खोलीत दहा-बाराजण पाळ्यांप्रमाणे झोपत, जेवण खानावळीत. तुमच्या आजोबांचंही बहुधा असंच असेल. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, आणि त्यातली कितीतरी पुन्हा आत गेलीच नाहीत.

दुपारी राणीची बाग. पगार झाल्यावरच्या रविवारी आमची वरात तिथेच. भायखळा स्टेशनातून पूर्वेला उतरलात की पाच-दहा मिनिटांत पोचाल. मुलं पेंग्विनकडे धावतील, धावू देत. तुम्ही जुन्या झाडांखाली बसा. बुधवारी बाग बंद असते.

खरी मजा शिवडीला. खाडीच्या चिखलात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. आमच्या लहानपणी ते नव्हते, १९९०च्या दशकात यायला लागले. फेब्रुवारी त्यांचा ऐन हंगाम. मात्र निघण्याआधी भरतीची वेळ बघा. पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो आणि पक्षी धक्क्याकडे सरकतात; पूर्ण भरतीला चिखलच बुडतो, ओहोटीला ते लांब गुलाबी ठिपके. भरती सकाळची असेल तर आधी शिवडी, मग चाळी. माझा क्रम धरून बसू नका. वर टेकाडावर इंग्रजांनी १६८० साली बांधलेला छोटा किल्ला आहे. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घेतला होता, हे मुलांना आवडेल.

दुर्बीण आणि टोपी विसरू नका. धक्क्यावर सावली नाही.