आजोबा खरंच नऊ तास झोपायचे का?

झोपेची तक्रार घेऊन माझ्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच मनगटातलं झोप मोजणारं घड्याळ माझ्यासमोर धरलं : रात्रीची झोप ५ तास ५२ मिनिटं. "आजोबा दिवे मालवले की नऊ तास झोपायचे. आमच्या पिढीची झोपच उडालीय. खरं ना?"

"आजोबांचे नऊ तास मोजले कुणी?" मी विचारलं. ते जरा चपापले. आजोबा नऊ तास अंथरुणात असत, हे खरं. त्यातले झोपेचे किती, ते आजोबांनाही सांगता आलं नसतं.

टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या, विजेविना राहणाऱ्या तीन जमातींची झोप यंत्रं बांधून मोजली होती. २०१५ साली निष्कर्ष आले. माणसं अंथरुणात साधारण सात ते साडेआठ तास, पण झोप पावणेसहा ते सात तासच. १९६० पासून यंत्रांनी केलेल्या झोपेच्या मोजमापांचा २०१६ मध्ये आढावा घेतला गेला, त्यातही निरोगी प्रौढांची झोप घटल्याचं दिसलं नाही. रात्रपाळी करणाऱ्यांची, पहाटे उठवल्या जाणाऱ्या मुलांची झोप खरोखर तुटते, ते नाकारत नाही. पण या गृहस्थांचं दुखणं वेगळं होतं.

दोन आठवडे वहीत नोंद ठेवायला सांगितली. नऊ तास भरावेत म्हणून ते साडेनऊलाच आडवे होत आणि साडेसहापर्यंत पडून राहत. झोप जेमतेम सहा तास. उरलेले तीन तास कूस बदलण्यात, घड्याळ बघण्यात आणि उद्याचं काय होणार या चिंतेत. अंथरूण म्हणजे तळमळ, हे शरीरानं पाठच करून टाकलं होतं.

घोरणं, श्वास अडकणं यासाठी डॉक्टरांकडे तपासून घेतलं. मग ठरलं, अंथरुणातला वेळ झोपेच्या वेळेजवळ आणायचा : साडेअकराच्या आत अंथरुणाकडे फिरकायचं नाही, सहाला उठायचंच, घड्याळ रात्री दुसऱ्या खोलीत. झोप येत नसेल तर उठून बसायचं. पहिले काही दिवस पेंग येईल, तेव्हा गाडी चालवू नका, असंही बजावलं. (फिट्स येणाऱ्यांनी किंवा बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होणारा आजार) असणाऱ्यांनी हा प्रयोग परस्पर करू नये.)

आठवडाभर त्यांनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असणार. तिसऱ्या आठवड्यात आले ते नवी तक्रार घेऊन : "साडेअकरापर्यंत जागं राहवत नाही हो, सोफ्यावरच डोळा लागतो."

सोफ्यावर बसू नका म्हटलं, उभ्यानं कपड्यांच्या घड्या घाला.