औषध सापडलंय, पण दडवून ठेवलंय?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. ईजीएफआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीत ईजीएफआर या प्रथिनाच्या जनुकात बदल) निघाल्यामुळे गेफिटिनिबच्या गोळ्या सुरू केल्या. गाठ आटली, पण वर्षभराने पुन्हा वाढली. नातेवाईक म्हणतात, कॅन्सर बरा करणारं औषध केव्हाच सापडलंय, कंपन्या धंद्यासाठी दडवतात. भाऊ आता गोळ्याच बंद करायचं म्हणतोय. काय करावं?

उत्तर : हा राग मला ओपीडीत रोज भेटतो. औषधांच्या किमतींवरचा राग तर अगदी रास्त आहे. पण दडवण्याची गोष्ट मला पटत नाही. हेपॅटायटिस सी हा यकृताचा आजार मुळापासून बरा करणारी सोफोसबुविर ही गोळी २०१३ साली बाजारात आली. कंपनीने ती लपवली नाही, भरमसाट किमतीला विकली. शिवाय कॅन्सर आम्हा डॉक्टरांच्या घरातही होतो हो.

आणि बरे होणारे कॅन्सर आहेतच. वृषणाचा कॅन्सर अंगभर पसरलेला असला, तरी सिस्प्लॅटिन या औषधावर आधारलेल्या उपचारांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, १९६०च्या सुमारास दहातलं एखादंच मूल पाच वर्षं काढायचं. आज नीट उपचार मिळाले तर नऊ काढतात. मात्र एका कॅन्सरचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. त्याच गाठीतल्या सगळ्या पेशीही सारख्या नसतात.

तुमच्या भावाच्या बाबतीत बहुधा हेच घडलंय. गेफिटिनिब पेशीतल्या ईजीएफआर प्रथिनाच्या एका खाचेत जाऊन बसतं. काही पेशींत त्या खाचेतला एकच घटक बदलतो आणि औषध तिथे नीट टिकत नाही. बाकीच्या पेशी मेल्या, तरी या वाढत राहतात. या बदलाला टी७९०एम म्हणतात. गोळी चालेनाशी झालेल्या साधारण निम्म्या रुग्णांत तो सापडतो, आणि त्यावर ऑसिमर्टिनिब हे औषध आहे.

म्हणून भावाला सांगा, स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू नका. डॉक्टरांना विचारा : टी७९०एमची तपासणी झाली का? ती रक्तावरही करता येते. रक्तात काही सापडलं नाही, तर बायोप्सी पुन्हा करावी लागेल का, तेही विचारा. आणि यापुढचे उपचार आजार आटोक्यात ठेवण्यासाठी आहेत की बरा करण्यासाठी, हे स्पष्ट विचारा. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा उत्तर 'आटोक्यात ठेवण्यासाठी' असंच येईल. ते भावालाही कळू द्या. पुढचं ठरवण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे.