डेस्कटॉप सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात, पावसाळ्यात तर जास्तच. फॉरमॅट करावा की नवा घ्यावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: म्हापशाला घर, सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप, सातव्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून काम करता येईपर्यंत सहा-सात मिनिटं जातात, आणि दुकानदार फॉरमॅट करा म्हणतो. फॉरमॅट आत्ता करू नका. माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर आहे, आणि फॉरमॅटने डिस्क बरी होत नाही. पावसाळ्यात वाढणारा उशीर मात्र वेगळंच दुखणं असू शकतं. म्हणून वेळ नेमका कुठे जातो ते आधी मोजा.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि तीन टप्प्यांचा वेळ लिहून घ्या: बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत, तिथून पासवर्ड विचारेपर्यंत, आणि पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर नीट उघडेपर्यंत. पहिला टप्पा मदरबोर्डचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डाचा. दुसरा आणि तिसरा बहुतेक वेळा डिस्कचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. स्टार्टअपच्या पानावर उजवीकडे वर ‘लास्ट बायोस टाइम’, म्हणजे बायोसने (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमने) घेतलेला वेळ, सेकंदांत दिसतो (काही जुन्या मांडणीत दिसत नाही, मग स्टॉपवॉचवर विसंबा). तिथे १५-२० सेकंदांपर्यंतचा आकडा असेल तर मदरबोर्डला हात लावायची गरज नाही. तीसच्या वर असेल तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी.

आधी माउस आणि कीबोर्ड सोडून यूएसबीची सगळी उपकरणं काढा: प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, कार्ड रीडर. एवढ्यानेही फरक पडतो, कारण बोर्ड प्रत्येक उपकरणाच्या उत्तराची वाट बघतो. मग बायोसमध्ये जा (बहुतेक बोर्डांवर डिलीट किंवा एफ-२) आणि बूटच्या (सुरू होण्याच्या) क्रमात तुमची डिस्क पहिली आहे का बघा. नेटवर्क बूट (नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय) वर असेल तर बंद करा. वापरात नसलेला डीव्हीडी ड्राइव्ह बिघडलेला असला तरी बोर्ड तिथेच अडतो. त्याची केबल काढून टाका.

तारीख-वेळ चुकीची दिसते का? सुरू होताना एफ-१ दाबायला सांगतो का? मग बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी बहुधा संपली आहे. ती सीआर २०३२, ३ व्होल्टची. घड्याळाच्या दुकानातही मिळते. बसवताना अधिकची खूण वर ठेवा. गोव्यात ती लवकर संपायला एक कारण आहे. मिरगाच्या आधीच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांना घाबरून आपण प्लग काढून ठेवतो. प्लग लावलेला असताना घड्याळाला एसएमपीएसमधून (संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) वीज मिळते, काढला की सगळा भार या बॅटरीवर. तरी प्लग काढायची सवय सोडू नका, सोबत इंटरनेटची केबलही काढत जा. बॅटरी स्वस्त आहे, बोर्ड नाही. बॅटरी बदलल्यावर बायोसमधली साटाची (डिस्कच्या जोडणीची) पद्धत पूर्वीचीच आहे ना, ते तपासा. ती बदलली तर विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते.

पंखा फिरतो, बंद होतो, पुन्हा फिरतो आणि दोन-तीन वेळा असं झाल्यावर पडद्यावर काही येतं, असं होत असेल तर रॅमच्या संपर्कांकडे बघा. दमट हवा आणि धूळ यांचा थर तिथे बसतो, समुद्राजवळच्या घरांत जास्तच. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच रॅम काढा. सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. खोडरबरानेही काम होतं, पण हलक्या हाताने, आणि त्याचा चुरा ब्रशने पूर्ण काढून. बसवताना दोन्ही बाजूंची खिट्टी वाजली पाहिजे. पावसाळ्यात रोज तासभर संगणक चालू ठेवला तर आतल्या उबेने ओल धरत नाही.

आता डिस्क, म्हणजे मुख्य मुद्दा. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली ठिकठिकाणाहून वाचते. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला अशी वाचनं सेकंदाला शंभराच्या आसपासच जमतात, एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या डिस्कला) हजारोंनी. पासवर्ड टाकल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कितीतरी वेळ १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल, तर निदान झालं. आकडाच हवा असेल तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्युअर उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं खाली खाली जा आणि १०० क्रमांकाची नोंद शोधा. बूट ड्युरेशन मिलिसेकंदांत असतो, ३,६०,००० म्हणजे सहा मिनिटं. त्यात बायोसचा वेळ धरलेला नसतो. १०१ ते ११० या नोंदींत उशीर करणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा सर्व्हिस नावानिशी सापडते.

डिस्क नुसती संथ आहे की मरायला टेकली आहे, हेही बघावं लागेल. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम फुकट आहे. त्यात ०५, सी-५ आणि सी-६ या (डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या) ओळींचे मूळ आकडे शून्य नसतील, विशेषतः सी-५ वाढत असेल, तर त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. अशा डिस्कवर आधी चेकडिस्कची (विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) सखोल तपासणी लावू नका. तासन्‌तास चाललेलं ते वाचन आजारी डिस्कला तिथेच संपवू शकतं. सी-७ एकटाच वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. साटाची केबल बदलून बघा.

उपाय एकच सांगेन: २.५ इंची साटा एसएसडी, २५६ किंवा ५०० जीबीची. तुमच्या बोर्डावर ती नक्की चालेल. सोबत एक साटा केबल घ्या, वीज जोडायला एसएमपीएसचा मोकळा कनेक्टर सहसा असतो. जुनी डिस्क धडधाकट असेल तर क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करता येते, पण सी ड्राइव्हवरचा वापरलेला भाग एसएसडीत मावला पाहिजे. डिस्क आजारी असेल तर क्लोन नको, एसएसडीवर विंडोज कोरी टाका. क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर संगणक पुन्हा तिच्यावरूनच सुरू होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांतली मिनिटं सेकंदांवर येतील.

स्टार्टअपच्या यादीतले चॅट, गेम आणि अपडेटरवाले प्रोग्रॅम बंद करा, अँटीव्हायरस ठेवा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. एवढंच पुरे, ‘वेग वाढवणारी’ सॉफ्टवेअर टाकू नका.

पावसाळ्यातल्या उशिराचं आणखी एक कारण म्हणजे अचानक जाणारी वीज. चालू संगणक असा बंद पडला की पुढच्या वेळी फास्ट स्टार्टअपचा साठा (लवकर सुरू व्हायला विंडोज बंद होताना डिस्कवर ठेवते तो) उपयोगी पडत नाही, विंडोज सगळं पहिल्यापासून उभं करते, कधी डिस्कही तपासते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस तुमच्या या संगणकाला पुरतो. तो कामासाठी नव्हे, नीट शट डाउन करण्यासाठी वापरायचा. त्याची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते.

नवा संगणक घ्यायचा प्रश्न वेगाचा नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि सातव्या पिढीचा आय-३ विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही. बँकेचे व्यवहार याच संगणकावर करत असाल तर एसएसडी टाकून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) बसवा, किंवा नवा घ्या आणि तीच एसएसडी त्यात दुसरी डिस्क म्हणून लावा.