बातमी ज्याची, त्याला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र दोनदा वाचले. त्यातली साडेतीन पाने तू, जगात युद्ध पेटलेले असताना आपण नाटक करावे की करू नये, या प्रश्नावर खर्च केली आहेस, आणि ज्या गोष्टीने तुझी झोप उडवली आहे ती शेवटच्या अर्ध्या पानात जाता जाता उरकली आहेस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुझे तुला ठाऊक आहे. बलवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी निघाली ते साल 1918 होते. महायुद्ध अजून संपायचे होते आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने घरेच्या घरे ओस पडली ती त्याच वर्षी. तरी मंगेशीच्या दीनानाथांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मंडळी उभी केलीच. यावर मी आणखी शाई घालवणार नाही.

त्या अर्ध्या पानाकडे येतो. 24 फेब्रुवारीला नेत्रावळीला तुमचा प्रयोग होता. खाली रेंज नव्हती म्हणून तू काजूच्या बागेतून टेकडी चढलास, आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केला आहे, खारकीव्हवर तोफगोळे पडत आहेत, हे तुला संध्याकाळी साडेसातला कळले. तुमच्याकडे राणीचे काम करणाऱ्या मुलीचा भाऊ खारकीव्हला डॉक्टरकी शिकतो, हे तुला माहीत होते. तू खाली उतरलास तेव्हा ती रंगायला बसली होती. तू तिच्या हातात शालूची पिन दिलीस आणि काही बोलला नाहीस. पालखी देवळात परतली, नांदी झाली, तिने तिन्ही अंक निभावले, आणि पहाटे पडदा पडल्यावर तू तिला सांगितलेस. आता विचारतोस, चुकलो का?

चुकलास. बातमी ज्याची असेल त्याला ती तिसऱ्या घंटेच्या आधी मिळाली पाहिजे. तुझ्या लेखी ती जगाची बातमी होती, तिच्या लेखी ती घरची होती, आणि घरची बातमी दुसऱ्याने खिशात ठेवून हिंडायची नसते. कदाचित ती म्हणाली असती, मी उभी राहते. कदाचित कोसळली असती आणि तुम्हाला तिचे प्रवेश गाळावे लागले असते. ते ठरवायचे तिने होते. तू तिच्या वतीने परस्पर ठरवून टाकलेस. भाऊ पोलंडमार्गे सुखरूप घरी आला, आता तो विषय संपला, असेही तू लिहिले आहेस. ते वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवले आणि अंगणात जाऊन आलो.

कारण 1990 सालच्या ऑगस्टमध्ये मीही हेच केले होते. फोंड्याहून आमची मंडळी घाटावर निघाली होती. आजरा, गडहिंग्लज आणि आणखी एक गाव, असे तीन प्रयोग ठरले होते. पाऊस असा की आंबोलीच्या घाटात पुढचा रस्ता दिसत नव्हता. मी व्यवस्थापक होतो आणि मंडळीतला एकुलता एक ट्रान्झिस्टर माझ्याकडे होता. 2 तारखेला आजऱ्याला संध्याकाळच्या बातम्यांत ऐकले की इराकच्या फौजा पहाटे कुवेतमध्ये घुसल्या आहेत. आमच्या तबलजींचा थोरला मुलगा कुवेतला ड्रायव्हर होता. तबलजी त्या वेळी पलीकडच्या खोलीत, पावसाने उतरलेला तबला हातोडीने सुरात आणत बसले होते. गट्ठ्यांवर पडणारे ते ठोके मला भिंतीतून ऐकू येत होते. मी ट्रान्झिस्टरचे मागचे झाकण उघडले, दोन्ही सेल काढले, रंगपेटीत सफेद्याच्या डबीखाली ठेवले आणि जेवताना सगळ्यांना सांगितले की रेडिओ बिघडला.

माझी बाजू तुला सांगतो, कारण ती खोटी नाही. आम्ही अठराजण होतो, प्रत्येकाची नाइट, म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे, त्या तीन प्रयोगांवर अवलंबून होती, सुपारीचे पैसे गाडीभाड्यात आधीच गेले होते, आणि संगीत नाटक तबल्याविना होत नाही. आक्रमणानंतर कुवेतला फोन लागत नव्हता. तबलजींना सांगितले असते तर त्यांनी रात्रभर पोस्टाच्या दारात भिजत उभे राहण्यापलीकडे काय केले असते? हा हिशेब मी तीस वर्षे मांडतो आहे आणि दर वेळी तो जुळतो. पण एक गोष्ट त्यात कधीच बसत नाही. त्या तीन रात्रींत ते मला रोज विचारत, रेडिओ दुरुस्त झाला का रे?

5 तारखेला परतताना आंबोलीला चहाला थांबलो. टेबलावर आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र पडले होते. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचले, घडी घातली आणि मला एवढेच विचारले, "तुला कधी कळले?" मी म्हणालो, "आत्ताच, तुमच्याबरोबर."

त्या वर्षी 13 ऑगस्टपासून 11 ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाने अम्मानहून 488 उड्डाणे करून एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले. बगदादमार्गे बसने अम्मानपर्यंत पोचलेला तबलजींचा मुलगाही सप्टेंबरात घरी आला. मुलगा आला, तरी तबलजी माझ्या मंडळीत पुन्हा बसले नाहीत.

आंबोली म्हटले की मला आणखी एक गोष्ट बोचते. पोर्तुगीज अमदानीत आपल्या गोव्यात नाटकाची संहिताच काय, लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील सेन्सॉरच्या हाताखालून जायची. काय ऐकायचे आणि काय नाही, हे दुसरा ठरवायचा. 1955 च्या नोव्हेंबरात स्वातंत्र्यवाद्यांनी आपले गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले ते आंबोलीच्याच रानात. पुढे ते कॅसलरॉकला गेले. माझे वडील दारे-खिडक्या लावून, रेडिओला कान टेकवून ते ऐकत, आणि मी त्यांच्या मांडीवर असे. त्यांचा मी मुलगा, आणि सेल काढले मी. तेव्हा माझ्यापुढे "तिच्या भल्यासाठी" हे शब्द वापरू नकोस. सेन्सॉरवालेही भल्यासाठीच म्हणत.

"पण सांगायचे कसे?" असे तू विचारशील. रंगपटात दहाजणांसमोर नाही. बाजूला ने, बसव, जेवढे नक्की कळले आहे तेवढेच दोन वाक्यांत सांग, ऐकीव काही जोडू नकोस. फोन लागेल अशा ठिकाणी नेणारी गाडी आधी दारात उभी कर, आणि मग तोंड उघड. तिचे काम कोण निभावेल याची तजवीज तुझ्या डोक्यात असू दे, पण तिने विचारल्याशिवाय ती बोलून दाखवू नकोस. प्रयोग अर्धा तास उशिरा सुरू झाला तर गावकरी समजून घेतात. आपल्या देवळातल्या नाटकांना कधी वेळेवर घंटा झाली आहे? पण बातमी ज्याची, त्याला, तीही आधी. हे मी तुला दहा वेळा लिहीन, तू कंटाळलास तरी चालेल.

तू मनाने चांगला आहेस, म्हणून तर तुला झोप नाही. पण ही झोप मला पत्र लिहून परत येणार नाही. 2 मार्चला आपल्या वकिलातीने खारकीव्हमधल्या विद्यार्थ्यांना, वाहन नसेल तर चालत, पण शहर सोडा असे कळवले, तेव्हा त्या घरात कशी रात्र गेली असेल याचा विचार कर आणि तिला भेटायला जा. फोन करू नकोस, फोनवरून संदेश तर मुळीच पाठवू नकोस. रविवारी कदंबची पहिली बस घे. भाऊ घरी असेल, आई असेल, त्यांच्यासमोरच बस. तिला बहुधा असे वाटत असेल की तुलाही पहाटेच कळले. माफी नंतर माग, आधी वेळ सांग. साडेसातला कळले होते, असे सांग.

माझे तबलजी गेल्याला आता अकरा वर्षे झाली. त्यांना वेळ सांगायची माझी राहून गेली.

तुझा,
काका